आधी धूर, मग रंग

वर्षानुवर्षं उभी असलेली मोटरसायकल घरी आली की बहुतेकांचा पहिला हात पॉलिश पेपरकडे जातो. माझा आग्रह उलटा आहे. इंजिनाने एकदा धूर सोडेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही. इंजिन उतरवावं लागणार की नाही, हे ते चालल्यावरच कळतं, आणि नव्या रंगाच्या चेसिसमध्ये इंजिन घालताना-काढताना ओरखडे पडतातच. शिवाय पहिल्याच रविवारी नटबोल्टपर्यंत सुटी करून पोत्यांत भरलेली गाडी बहुतेक वेळा पोत्यांतच राहते. माझ्याकडच्या दोन गाड्या अशाच कुणाच्या तरी पोत्यांतून आल्या.

धुण्याआधी फोटो काढा. कोणती केबल कुठून वळते, कोणता वायसर आधी आणि कोणता नंतर, वायरींचे रंग, सगळं. इंजिन आणि चेसिस नंबर कागदांशी ताडून बघा आणि त्या जागेवर पॉलिश पेपर अजिबात फिरवू नका.

आता मुख्य गोष्ट. किक मारू नका. पिस्टन गंजाने सिलिंडरला धरला असेल तर तुमचा सगळा जोर किकच्या दात्यांवर जातो, पिस्टन तसाच राहतो. स्पार्क प्लग काढा आणि त्या भोकातून गंज सोडवणारं तेल सोडा. मी अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं वापरतो. अ‍ॅसिटोन उडून जातं, म्हणून अधूनमधून थोडं थोडं घालत राहायचं. जवळपास विडी-सिगारेट नको. काही दिवस गाडीकडे बघायचंसुद्धा नाही. मग सर्वांत वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. वरच्या गिअरमध्ये चाकाचा जोर इंजिनापर्यंत जास्त पोचतो, म्हणून तो गिअर. पिस्टन केसभर हलला तरी काम झालं समजा: पुन्हा तेल, पुन्हा झुलवणं. घाईत पूर्ण फेरा मारू नका, सिलिंडरच्या भिंतीवरचा गंज पिस्टनच्या रिंगांखाली येऊन चरे पडतात. आठवडे गेले तरी ढिम्म, तर हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडा. पिस्टनच्या माथ्यावर हातोडा मात्र नाही.

एक गोष्ट इथे बरेच जण गोंधळतात. न्यूट्रलमध्ये चाक फिरतं, पण गिअर टाकून क्लच दाबला तरी चाक सुटत नाही, याचा अर्थ इंजिन जाम असा नाही. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत. त्या सोडवणं तुलनेने सोपं.

इंजिन मोकळं झालं की जुनं तेल काढून टाका. तेलाची टाकी वेगळी असलेल्या जुन्या फोर-स्ट्रोक गाड्यांत उभ्या-उभ्या तेल पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, साचतं. तेही काढा. टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत तेल जाळणारी) असेल तर क्रँकची ऑइल सील बदलूनच पुढे जा. कडक झालेल्या सीलमधून हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, इंजिन तापतं आणि इतक्या कष्टाने सोडवलेला पिस्टन पुन्हा धरतो.

नंतर करंट. बंद गाडीत दोष बहुधा पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या छोट्या स्विचमध्ये, असतो आणि दोष दिला जातो कार्ब्युरेटरला. पॉइंटच्या टोकांवर पांढुरकी बुरशी बसलेली असते. बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग कोरा जाड कागद ओढून धूळ काढा. टोकं पूर्ण उघडलेली असताना फेलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) अंतर बघा: बऱ्याच जुन्या गाड्यांना ०.४ मिमीच्या आसपास चालतं, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील किंवा इंजिन गरम झालं की मरत असेल, तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदला. तो तपासत बसण्यात अर्थ नाही. प्लगला ठिणगी आली की प्लगच्या भोकावर बोट दाबून इंजिन फिरवा. बोट फेकलं गेलं पाहिजे, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब आहे.

कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट पिवळा थर असतो. जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरे. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, कानाशी हलवून बघा: आत खळखळलं तर तो फुटका. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. विस्तवावर नाही हं, आत पेट्रोल आहे.

पहिल्या वेळी गाडीची टाकी जोडूच नका. तिच्यातला गंज नुकत्याच साफ केलेल्या कार्ब्युरेटरमध्ये उतरेल. छोट्या बाटलीला नळी लावून ताजं पेट्रोल द्या. टू-स्ट्रोक असेल तर तेल मिसळून: १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली. गाडी उघड्यावर, शेजारी अग्निशामक, आणि हाताशी जाड रबराचा सपाट तुकडा. थ्रॉटल सोडूनही इंजिन चढतच गेलं तर तो कार्ब्युरेटरच्या तोंडावर दाबायचा, हवा तुटली की इंजिन मरतं. पहिला धूर भरपूर येईल, सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल जळतंय. तो विरळ होत गेला तर इंजिन तूर्त खोलू नका.

मग टाकी. व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी भरून दिवसभर ठेवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच, खरंच लगेच, वाळवून आत तेल फिरवा. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. नळ्या नव्या घाला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, चर्चा नको. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचं कोणतं टोक चेसिसला आहे ते बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुष्कळदा पॉझिटिव्ह असतं.

आता रंग. आधी साबणाने धुऊन मेण लावून बघा, मूळ रंग वाटतो त्यापेक्षा बरा निघतो. तरीही रंगवायचंच असेल तर टाकीवरच्या रेघांची रुंदी, काठापासूनचं अंतर आणि वळणं ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या, मगच घासायला बसा.