प्लाझ्मात मधलं बटण दाबून पाहा

केडीई प्लाझ्मा, म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप, त्यातल्या बऱ्याच सोयी मेनूत सापडत नाहीत. त्या माउसच्या इतर बटणांवर आणि मेटा, म्हणजे विंडोजच्या चिन्हाच्या, कीवर आहेत. पुढचं सगळं फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ ला धरून आहे.

मॅक्सिमाइझच्या बटणावर मधलं क्लिक केलं (म्हणजे माउसचं चाक दाबलं) तर विंडोची फक्त उंची वाढते, उजवं केलं तर फक्त रुंदी. नौपाड्यातल्या एखाद्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात ग्राहकाची पीडीएफ आणि मराठी अर्ज शेजारी-शेजारी ठेवायचे, तर दोन मधल्या क्लिकांत भागतं. क्लिक करूनही काही होत नसेल तर वरची पट्टी प्लाझ्माची नाही, त्या प्रोग्रामची स्वतःची आहे. फायरफॉक्समध्ये 'कस्टमाइझ टूलबार' उघडून खालच्या 'टायटल बार'वर खूण करा.

आवाजाच्या चिन्हावर मधलं क्लिक म्हणजे म्यूट, घंटीवर केलं तर सूचना गप्प. टचपॅडवर तीन बोटांचा टॅप हेच मधलं क्लिक. त्यासाठी 'टॅप टू क्लिक' चालू हवं.

१३६६ × ७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर एखाद्या खिडकीचं 'ओके' पडद्याच्या खाली जातं आणि माणूस वैतागतो. मेटा दाबून ठेवा, विंडोत कुठेही डावं बटण धरून वर ओढा. उजवं बटण धरलं तर आकार बदलतो.

मेटा + व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते. सोय मोठी, पण काउंटरवरच्या मशीनवर धोकाही तितकाच: सकाळच्या ग्राहकाचा आधार क्रमांक संध्याकाळी यादीत तसाच. क्लिपबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉगआउटनंतरही यादी जपण्याचा पर्याय बंद करा आणि काम संपलं की यादी पुसा.

स्कॅन केलेल्या १२० पावत्यांना नावं द्यायचीत? डॉल्फिनमध्ये, म्हणजे प्लाझ्माच्या फाईल मॅनेजरमध्ये, सगळ्या निवडून एफ२ दाबा आणि 'पावती ###' लिहा. ००१ पासून क्रमांक पडतील. एकच # दिलात तर काही उपकरणांच्या पडद्यावर १० क्रमांकाची फाईल २ च्या आधी येते. क्रमांक डॉल्फिनमध्ये दिसणाऱ्या क्रमानेच पडतात, म्हणून आधी तारखेने लावून घ्या. चुकलं तर कंट्रोल + झेड आहेच.

ऑल्ट + स्पेसने केरनर ही टाइप करायची पट्टी उघडते. तिच्यातून प्रोग्राम उघडता येतात, तसा हिशेबही होतो. घोडबंदर रोडच्या फ्लॅटच्या करारनाम्यात ६० चौरस मीटर लिहिलंय? इंग्रजीत '६० स्क्वेअर मीटर इन स्क्वेअर फीट' असं टाइप करा, ६४५.८३ येतं.

सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि खरं तर सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे विंडोचे नियम. ऑल्ट + एफ३ ने विंडोचा मेनू उघडा, 'मोअर अॅक्शन्स'मध्ये त्या प्रोग्रामसाठी खास सेटिंग करायचा पर्याय आहे. 'अॅड प्रॉपर्टी' दाबून गुणधर्म निवडा: जागा, आकार, कायम वर राहणं, ठरावीक डेस्कटॉप. कॅल्क्युलेटर नेहमी इतरांच्या वर राहावा, हा पहिला नियम करून पाहण्यासारखा. नवखे लोक जागेसाठी 'फोर्स' निवडतात आणि मग विंडो ओढूनही हलत नाही. तिथे 'अप्लाय इनिशियली' हवं, म्हणजे उघडताना जागेवर येते आणि नंतर मोकळी. अडकलेला नियम सिस्टम सेटिंग्जमधल्या 'विंडो रूल्स'मधून काढून टाकता येतो.