ऑटोमन काळातला बाजार बघायला जाताय? मग असं फिरा

कोल्हापुरातनं तुर्कस्तान, बोस्नियाच्या टूरला जाणारे आता बरेच झालेत, पण टूरवाले नेतात इस्तंबूलच्या ग्रँड बझारात आणि मंडळी दिवे-गालिच्यांची घासाघीस करून परत. माझं ऐकाल तर तुर्कस्तानातल्या बुर्सा, सफ्रानबोलूचा नाहीतर बोस्नियातल्या सारायेव्होचा जुना बाजार बघा, तिथं सगळी रचना पायी फिरता फिरता कळते.

गेल्या गेल्या पाकीट काढू नका. आधी मोठी मशीद गाठा आणि तिच्याभोवतीनं एक चक्कर टाका. आपली गुजरी, महाद्वार रोड अंबाबाईच्या देवळाला लागून आहे ना, तसंच तिथंही भारीतला माल मशिदीच्या आसपास. त्यात अजून एक भानगड म्हणजे वक्फ, बऱ्याच दुकानांचं भाडं मशीद, मदरसा, पाणपोई यांच्या खर्चाला लावून दिलेलं असायचं, म्हणजे बाजार बांधणारा बहुतेक वेळा मशीद बांधणाराच.

मग घुमटांची ओळ दिसते का बघा. ते बेदेस्तेन, म्हणजे किमती मालाचा बंदिस्त बाजार. जाड दगडी भिंती, भक्कम दारं, रात्री कुलूप, आत रेशीम, दागिने, किमती कापड. सारायेव्होतलं ब्रुसा बेझिस्तान (बेदेस्तेनलाच तिथं बेझिस्तान म्हणतात) १५५१ सालचं, ऑटोमन वजीर रुस्तम पाशानं बांधलेलं, बुर्साचं रेशीम इथं विकायला यायचं. वर सहा मोठे घुमट, चार बाजूंना चार दारं. आता आत म्युझियम आहे, तिकीट काढून जा, बाहेरनं फोटो मारून निघू नका.

त्यानंतर हान, म्हणजे व्यापाऱ्यांची सराई. मधी चौक, भोवतीनं दोन मजले, खाली माल नि जनावरं, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या. आत जायच्या आधी दरवाजाखाली थांबून वर बघा, लादलेलं जनावर आत यायला पाहिजे म्हणून एवढा उंच आणि राखण सोपी जावी म्हणून शक्यतो एकच. बुर्साचा कोझा हान १४९१ चा, रेशमाच्या कोशांचा बाजार, चौकात खांबांवर उभी छोटीशी मशीद आणि तिच्याखाली कारंजं, तिथंच चहा घ्या. सफ्रानबोलूचा चिंजी हान १६४५ चा, त्याचं आता हॉटेल झालंय.

आता गल्ल्या. एका धंद्याची एक गल्ली, कारण धंद्याच्या संघटना कडक होत्या, आणि शेजारी शेजारी बसलं की कोण भेसळ करतंय ते लगेच कळतं. ब्रेड, मटणासारख्या रोजच्या मालाचे दर काझी ठरवून द्यायचा, वजनं तपासायला माणूस फिरायचा. माप ओक्काचं, एक ओक्का म्हणजे साधारण १.२८ किलो. सारायेव्होच्या काझांजिलुक गल्लीत तांब्याची ठोकठोक अजून ऐकू येते. सफ्रानबोलूत येमेनी नावाचे चामड्याचे बूट शिवणाऱ्यांची आख्खी लाईन होती, आपल्या चप्पल लाईनवाल्यांनी तर बघावीच, पण आता तिथं बहुतेक गिफ्टची दुकानं, थोडं वाईट वाटतं. चामडं कमवायचं काम मात्र वासामुळं बाजारापासनं लांब, पाण्याच्या खालच्या अंगाला.

एवढं फिरून झालं की मग खरेदी. जिथं कारागीर समोर बसून ठोकतोय किंवा शिवतोय तिथनं घ्या. गालिचा, तांब्याच्या भांड्यांना भाव करा, खाण्याच्या वस्तूंना करू नका, दुकानदार नुसता बघत बसतो. आणि तांब्याचा जड माल शेवटी घ्या, त्या दगडी चढांवर पिशवी घेऊन फिरणं सोपं नाही.