जुन्या प्रवासी बोटींच्या वस्तूंचा संग्रह कसा करावा

या छंदाची सुरुवात पितळी वस्तूंपासून न करता कागदापासून करावी आणि एकच कंपनी किंवा एकच मार्ग निवडावा. मराठी संग्राहकाला मुंबई–लंडन मार्गावरील पी अँड ओ कंपनी सर्वांत जवळची. तिच्या बोटी बॅलार्ड पिअरला लागत, त्यामुळे विलायतेला जाऊन आलेल्यांच्या घरी मेनूकार्डे, प्रवाशांच्या छापील याद्या आणि बोटीवरून धाडलेली पत्रे आजही माळ्यावर सापडू शकतात. म्हणून आधी नात्यागोत्यात चौकशी करावी. चोर बाजार आणि लिलाव त्यानंतर.

खरेदीपूर्वी बोटीची माहिती पक्की हवी. १९३१ साली सेवेत आलेल्या 'स्ट्रॅथनेव्हर'ला तीन धुरांडी होती. त्यांतील पहिले व तिसरे निव्वळ शोभेचे असल्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डागडुजीत ती दोन्ही काढून टाकण्यात आली. तेव्हा तिचे एकाच धुरांड्याचे चित्र असलेले कार्ड कोणी १९३५ सालचे म्हणून विकत असेल, तर ते सरळ परत करावे. 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' नोव्हेंबर १९४२ मध्ये बुडाली, म्हणजे तिच्या मेनूकार्डावर त्यानंतरची तारीख असूच शकत नाही. कागद उजळ दिसावा म्हणून वापरली जाणारी रसायने साधारणपणे १९५० नंतर रूढ झाली. युद्धपूर्व म्हणून दाखवलेला कागद अतिनील विजेरीखाली निळसर-पांढरा चमकला, तर व्यवहार थांबवावा. 'टायटॅनिक'चे नाव कोरलेली पितळी होकायंत्रे तर आपल्याच देशात शोभेसाठी नव्याने घडवली जातात.

माझ्या मते सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे ट्रंकेवरचे लेबल. 'प्रवासात लागणार नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापलेले लेबल बोटीच्या तळाशी जाणाऱ्या सामानावर लावत, आणि त्यावर शाईने मालकाचे नाव, बोट व उतरण्याचे बंदर लिहिलेले असे. असे लेबल ट्रंकेवरून कधीही सोलू नये, ट्रंकेसकट घ्यावे.

सुटे कागद लॅमिनेट करू नयेत, त्यांना सेलोटेप लावू नये. आम्लरहित कागदासह पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवावेत. पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर फार लवकर लागते, म्हणून डब्यात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी बदलावे. वस्तू कोणाकडून, कधी मिळाली याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायची झाल्यास १९७२ चा पुरावशेष कायदा आड येऊ शकतो, हे व्यवहार ठरवण्याआधीच तपासून घ्यावे.