क्यूटी डिझायनरमध्ये बदल केला की हाताने लिहिलेला कोड उडायचा, तो असा वाचवला

आमच्या पायक्यूटीच्या (पायथनमध्ये विंडोवाले प्रोग्रॅम बनवायची लायब्ररी) प्रोजेक्टमध्ये डिझायनरमध्ये (माऊसने विंडो आखायचं टूल) साधं बटण हलवलं तरी पाययूआयसी5 (डिझायनरच्या यूआय फाईलवरून पायथन कोड बनवणारं टूल) परत चालवायला लागायचं आणि जनरेट झालेल्या पायथन फाईलमध्ये कोणी हाताने जोडलेले सिग्नल-स्लॉट (बटण दाबलं की कुठलं फंक्शन चालायचं त्या जोडण्या) सगळे गायब, फाईलच्या वर इशारा लिहिलेला असतो की इथले बदल जातील पण कामाच्या घाईत तो सुटतो. मग तो सगळा कोड वेगळ्या क्लासमध्ये काढला, जो जनरेटेड क्लासवरून इनहेरिट करतो (म्हणजे त्यातलं सगळं आपसूक घेतो) आणि आधी सेटअपयूआय (विंडोतली बटणं वगैरे तयार करणारं फंक्शन) बोलावतो. जनरेटेड फाईल तर गिटमधूनच (कोडच्या आवृत्त्या जपणारं टूल) काढून टाकली, दर बिल्डला यूआय फाईलवरून नवीन बनते, त्यामुळे जुनी राहायचा प्रश्नच नाही!! फक्त डिझायनरमध्ये विजेटचं (बटण, चौकट वगैरे) नाव बदललं तर आपल्या क्लासमध्येही बदला, नाहीतर विंडो उघडतानाच ॲट्रिब्यूट एरर (त्या नावाचं काही सापडत नाही अशी) येते.