जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स निवडताना

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचे प्रकार बरेच. "सगळ्यात हलकं लिनक्स कुठलं?" असं कोणी विचारलं की मी नाव सांगत नाही, उलट विचारते: प्रोसेसर ३२ बिट की ६४ बिट? रॅम किती? हार्ड डिस्क फिरणारी की एसएसडी (चिपवर चालणारी, न फिरणारी)?

पहिल्या प्रश्नात बरेच जण फसतात. विंडोज ३२ बिटचं असलं तरी प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो. सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर दोन्ही वेगळं दिलेलं असतं. त्यातलं प्रोसेसरचं बघा.

प्रोसेसर खरंच ३२ बिट निघाला तर अपेक्षा आवरा. क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली, फायरफॉक्सनेही १४५व्या आवृत्तीपासून सोडली. अशा मशीनवर अँटिएक्स नावाचं हलकं लिनक्स टाका. ते ५१२ एमबी रॅमवरही उभं राहतं. लिहायला, गाणी ऐकायला उत्तम. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर नकोत.

६४ बिट आणि २ जीबी रॅम असेल तर लुबुंटू हे लिनक्स. ४ जीबी असेल तर मी डोळे झाकून लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती देते. याहून हलकी आहेत की! पण डेस्कटॉपवर वाचवलेली दोन-तीनशे एमबी ब्राउझर दोन टॅबमध्ये गिळतो, आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला मिंटचा मेनू कोणी समजावून द्यावा लागत नाही.

फिरणारी डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. त्याने पडतो तेवढा फरक कुठल्याही लिनक्सने पडत नाही.

आता पेनड्राइव्ह. त्यावर वेंटॉय हे पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून देणारं सॉफ्टवेअर बसवा (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आधी काढून ठेवा). मग आयएसओ फाइली (अख्खं लिनक्स एका फाइलीत) नुसत्या कॉपी करायच्या, एकाच पेनड्राइव्हवर दोन-तीन चालतात. पेनड्राइव्हवरून सुरू करायचा मेनू येण्यासाठी लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पाहा. कंपनीगणिक बटण बदलतं. पडदा काळाच राहिला तर बूटच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या आज्ञेच्या) ओळीत शेवटी 'नोमोडसेट' लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

लगेच इन्स्टॉलवर तुटून पडू नका. पेनड्राइव्हवरूनच थोडा वेळ वापरा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड असेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा घ्यावा लागण्याची शक्यता असते. तेव्हा फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरा, मग मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये शोधा.

सगळं जमलं की फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा. ती उघडतात ना ते पाहा, मगच इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' (डिस्क पूर्ण पुसा) निवडा.