निर्यातीचा माल परत येतो तेव्हा: या चुका टाळा

अन्नमालाचा कंटेनर परदेशी बंदरात अडकला की कंपनीत पहिला प्रश्न येतो, "पण आपला लॅब रिपोर्ट तर पास होता ना?" बहुतेक वेळा तो पास असतोच. पण पास झालेलं असतं ते सॅम्पल, कंटेनरमधला सगळा माल नव्हे.

अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत हा फरक फार महाग पडतो. हे बुरशीचं विष लॉटभर सारखं पसरलेलं नसतं. हजारो शेंगदाण्यांतल्या मोजक्या दाण्यांत ते एकवटलेलं असतं. दाराजवळच्या चार पोत्यांतून मूठ-मूठ काढून केलेल्या किलोभर सॅम्पलमध्ये ते दाणे येत नाहीत, आणि पलीकडच्या तपासणीत येतात. युरोपीय संघाच्या पद्धतीत मोठ्या लॉटमधून 100 जागी थोडं थोडं काढून 20 किलोचं सॅम्पल करतात. मग ते बारीक दळून, एकजीव करून तपासतात. तुमचं सॅम्पल यापेक्षा ढिलं असेल, तर रिपोर्टचा भरवसा धरू नका.

दुसरी गफलत 'पास' या शब्दातच आहे. पास, पण कोणत्या बाजारासाठी? थेट खायच्या शेंगदाण्यात युरोपची एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 4 मायक्रोग्रॅम, त्यातही बी1 या प्रकारासाठी 2. अमेरिकेत एकूण 20. आकडा 9 आला, तर माल एकीकडे चालेल आणि दुसरीकडे अडकेल. म्हणून लॅबला माल पाठवतानाच देश कळवा आणि हातात आकडा मागा.

कीटकनाशकांच्या अवशेषांचंही तसंच. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात सहसा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम हीच मर्यादा लागते. आणि मर्यादा बदलत राहतात. क्लोरपायरिफॉसची मर्यादा 2020 मध्ये एवढीच खाली आली. जुनी फवारणी-यादी घेऊन बसलेल्या कंपन्यांना असा बदल थेट बंदरात कळतो. हंगाम सुरू होण्याआधी यादी ताजी करून शेतकऱ्याच्या हाती द्यायला हवी. फवारणी होऊन गेल्यावर प्रयोगशाळा काहीही दुरुस्त करू शकत नाही.

माझ्या मते सगळ्यांत घातक चूक म्हणजे गोदामात लॉट एकमेकांत मिसळणं. कंटेनर भरायला दोन टन कमी पडतात, ऐनवेळी कुठून तरी माल येतो आणि त्याच ढिगात जातो. त्या क्षणी माग तुटतो. पुढे एका पेटीत दोष निघाला तर सगळा कंटेनर संशयित होतो. आपला माग शाबूत आहे का, हे बघायचं तर कोणतीही एक पेटी उचला आणि ती कोणत्या शेतातून आली व तिच्या जोडीचा माल कुठे गेला, हे काही तासांत शोधून दाखवा. जमलं नाही, तर कपाटातली हॅसॅपची (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायच्या पद्धतीची) फाइल कितीही जाड असो, ती उपयोगाची नाही.

काही चुका छोट्या वाटतात. रीफर (शीतयंत्र बसवलेला) कंटेनर थंड मालाचं तापमान टिकवतो, गरम माल झपाट्याने थंड करणं हे त्याचं काम नाही. प्री-कूलिंग, म्हणजे माल थंड करणं, भरण्याआधीच व्हायला हवं. सुका माल पुरता वाळला नसेल, तर प्रवासात कंटेनरच्या छताला पाणी धरतं आणि पेट्यांवर टपकतं. माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या गाभ्याला, लाकडातली कीड मरावी म्हणून, 56 अंशांवर 30 मिनिटं उष्णता देऊन किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करून शिक्का मारलेला नसेल, तर आतलं अन्न उत्तम असूनही माल अडतो. लेबल दर वर्षी तपासा: अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा प्रमुख ॲलर्जन (ॲलर्जी करणारा घटक) म्हणून छापावा लागतो.

आणि माल नाकारला गेलाच, तर घाईने फेरतपासणीची मागणी करू नका. आधी त्यांची तपासणी-पद्धत, सॅम्पल कसं काढलं आणि नेमका आकडा हे मागवा. त्याच लॉटचा गोदामातला माल बाजूला काढून कुलूप लावा, राखून ठेवलेलं सॅम्पल तपासा. चांगल्या मालात मिसळून आकडा खाली आणायचा मोह होतो; युरोपात अफ्लाटॉक्सिनसाठी ते बेकायदा आहे आणि कुठेही ते खाणाऱ्याशी दगा आहे. अहवालात कारण म्हणून 'कामगाराची चूक' लिहून थांबू नका. त्या माणसाला ओला माल ढिगात टाकावा का लागला, हे विचारा. बऱ्याचदा उत्तर निघतं की आर्द्रता मोजायचं यंत्र आठवडाभर बंद होतं आणि गाडी मात्र संध्याकाळी सुटायची होती.