आधी पुठ्ठा कोरडा हवा: कोकणातून कुरियरने माल पाठवू लागलेल्यांसाठी

गुहागर-रत्नागिरीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत आता कितीतरी घरांतून आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मालवणी मसाला, फणसपोळी कुरियरने थेट गिऱ्हाइकाच्या दारात जाते. आमच्या बचत गटात पॅकिंगचं टेबल माझ्याकडे असतं. नवीन कोणी आलं की मी जे दाखवते, तेच इथे लिहिते आहे.

पॅकिंगचे बहुतेक सल्ले ‘पार्सल आपटलं तर काय’ इथून सुरू होतात. आपल्याकडे त्याच्याही आधी ओल येते. पुठ्ठा म्हणजे कागद, आणि कागद हवेतलं पाणी ओढून घेतो. जुलै-ऑगस्टच्या हवेत खोक्याची भार पेलण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, दिसायला मात्र खोका नव्यासारखाच दिसतो. म्हणून रिकामी खोकी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडी फळीवर रचा, वरून प्लास्टिक घाला आणि पावसाळ्यात महिन्याचा साठा करण्याऐवजी लागतील तेवढीच आणा. खोक्याची कड दोन बोटांत दाबून बघा. कोरडा पुठ्ठा कडक लागतो, ओल धरलेला दबतो आणि दबलेलाच राहतो. टेपचंही तसंच आहे. ओलसर किंवा धूळ बसलेल्या पुठ्ठ्यावर ती वर वर चिकटते आणि वाटेत सुटते. आधी कोरड्या फडक्याने पुसा, टेप लावल्यावर तळहाताने घासून दाबा. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, अशी खालून आणि वरून दोन्हीकडे लावायची.

दोन-तीन किलोचा मसाला किंवा आमसुलं थ्री प्लाय, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याच्या, खोक्यात आरामात जातात. बाटल्या असतील किंवा वजन पाच किलोच्या पुढे जात असेल, तर पाच थरांचा फाइव्ह प्लायच घ्या, तिथे चार पैसे वाचवू नका. किराणा दुकानातून आणलेला जुना खोका हलक्या मालाला चालेल, पण त्याचे कोपरे बघून घ्या. वरचं ओझं मुख्यतः चार उभे कोपरेच पेलतात. कोपरा एकदा मोडला की टेप लावून त्याची ताकद परत येत नाही.

आता आगळ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. एक बाटली गळली की खोक्यातली बाकीची पाकिटंही लाल होतात आणि भिजलेला तळ फाटतो. कुरियरसाठी मी काच टाळते, जाड प्लास्टिकची (पेट) बाटली घेते. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, बोटभर जागा सोडा; उन्हात उभ्या गाडीत आतला द्रव आणि हवा फुगते. झाकणाच्या आत सील असलेलीच बाटली घ्या. झाकणावर टेप गुंडाळताना ती झाकण आवळण्याच्याच दिशेने फिरवा. उलट फिरवलीत तर टेप ओढता ओढता झाकण सैल होतं, आणि हे हाताला कळत नाही. मग रात्रभर बाटल्या वर्तमानपत्रावर उलट्या ठेवा. सकाळी ज्या बाटलीखाली डाग दिसेल ती बाजूला काढा. उरलेली प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत, पिशवीला गाठ, त्यावर बबल रॅप, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा उभा पडदा. आगळात मीठ असतं म्हणून ते टिकतं. साखरेचं कोकम सरबत आंबू शकतं. बाटली दाबून बघताना फुगून टणक लागली, तर ती पाठवूच नका.

खोक्यावर ‘ही बाजू वर’ असा बाण जरूर काढा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कुरियरच्या गोदामात पार्सलं गावांनुसार वेगळी करणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर खोका आडवा पडतो, उलटा होतो. त्याआधी आंबोली, फोंडा किंवा आंबा घाट चढताना वळणावळणाला आतला माल बाजूला सरकत असतो. म्हणून पोकळी ठेवायची नाही. रद्दीचे घट्ट बोळे सगळ्या बाजूंनी भरा. काचेची बरणी असेल तर बरणी आणि पुठ्ठ्यात चारी बाजूंना दोन इंच अंतर सोडून तेही भरून घ्या. मग खोका कानाशी धरून हलवा. आवाज आला तर परत उघडा.

आंब्याचे नियम वेगळे. फळ श्वास घेतं, त्याला भोकांचा खोका लागतो आणि वरून प्लास्टिक गुंडाळायचं नाही. कोरडा पेंढा आंब्याच्या पेटीत उत्तमच, मसाल्याच्या खोक्यात मात्र नको. आंबा सोमवार ते बुधवारमध्ये रवाना करा, म्हणजे रविवारी गोदामात पिकत पडणार नाही.

पैशांचं एक गणित पक्कं डोक्यात ठेवा. कुरियरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. बहुतेक ठिकाणी सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून ५००० ने भागतात. ४० × ३० × २० चा खोका म्हणजे ४.८ किलो, आत दीड किलोच्या कुरडया असल्या तरी! खोकं मालाच्या मापाचं घ्या.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाने जाणाऱ्या पार्सलात घालू नका. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई मालात ते धोकादायक पदार्थांत मोडतं. सुकी मासळी पाठवायची तर आधी कुरियरच्या खिडकीवर विचारा, वासामुळे बरेच जण घेत नाहीत.

पत्ता सहा आकडी पिनकोडसकट छापून लावा. हाताने लिहिलात तर शाई पावसात पसरते, म्हणून वरून पारदर्शक टेप लावा, पण बारकोडवर नको. चकाकीमुळे तो वाचला जाताना अडतो. पत्त्याची दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आत टाका. खाण्याच्या मालावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी क्रमांक हवाच.

बंद करण्याआधी आतल्या मांडणीचा फोटो काढा, भरपाई मागताना तो लागतो. पार्सल पोचल्यावर गिऱ्हाइकाकडे उघडलेल्या खोक्याचा फोटो मागा. कुठला कोपरा दबला, बाटली कुणीकडे सरकली हे त्यात दिसतं, आणि पुढच्या खोक्यात रद्दी नेमकी तिथे वाढवता येते.